पूजेतला पाना

"जोर मागच्या दोन चाकांना, आणि ऐट मात्र चारी चाकांची पाहिजे," गाडीखाली उताणा पडलेला रघू पुटपुटला. "गाडी उंच केली म्हणून माणूस उंच होतो का?"

मी त्याच्या शेजारीच बॅटरी धरून पडले होते, म्हणून मला ऐकू आलं. गाडीचे मालक संताजीराव बाहेर उभे होते. आम्हाला दिसत होत्या फक्त त्यांच्या चपला आणि चपलांतले अंगठे. अंगठेसुद्धा पैलवानाचे.

"हळू बोल," मी म्हटलं.

"हळूच बोलतोय, अक्का. मोठ्यानं बोललो तर गाडीऐवजी मला उचलतील."

रघुनाथ माझा धाकटा भाऊ. म्हैसूरला हेब्बाळच्या कारखान्यांमागं आमचं गॅरेज आहे, वडिलांनी काढलेलं. नवरा गेल्यावर मी माहेरी आले, आणि सुम्ने, गप्प बसून काय करायचं म्हणून चाकांची मापं घ्यायला शिकले. शिकवलं कुणी नाही. आधी दोरा आणि वळंबा. मग मापाचं जुनं मशीन आलं तेव्हा त्याचं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं, त्याला दोन पावसाळे लागले. आता गोकुलमात योग शिकायला आलेले परदेशी लोकसुद्धा आपल्या भाड्याच्या जीपा माझ्याकडंच आणतात. वाकडी चाकं मी सरळ करते. माणसांच्या बाबतीत माझा हात तेवढा चालत नाही.

संताजीरावांचं घराणं आमच्यासारखंच. दोघांचेही खापरपणजे म्हैसूरच्या घोडदळात. घोडी गेली, पगार गेला, घराघरात एकेक तलवार उरली. आमच्याकडं तलवारीच्या जोडीला पाने आले, त्यांच्याकडं गरडी आली. गरडी म्हणजे तालीम. संताजीराव आता कुस्ती सोडून नंजनगूडहून केळी आणतात आणि बाजारात पोचवतात. कुस्ती खेळायचा तो त्यांचा धाकटा भाऊ, अंबाजीराव. आईवडील लवकर गेल्यामुळं संताजीरावांनीच त्याला वाढवलेला. रोज पहाटे स्वतःच्या हातानं बदाम वाटून पाजायचे. अंबाजी तिशीचा झाला, लग्न झालं, तरी बदाम चालूच.

दसऱ्याला, दशमीच्या दुपारी तीनला अंबाजीची मोठी कुस्ती होती. त्याला गाडीतून मिरवत न्यायचं होतं, पैलवान मागं उभे करून. पण पलीकडच्या गरडीची गाडी चारी चाकांच्या जोराची, उंच. तिच्याशेजारी आपली बसकी पिकअप म्हणजे घोड्याशेजारी शेळी, असं संताजीरावांचं म्हणणं. म्हणून तीन इंच उचला.

उचलायची म्हणजे पुढची स्प्रिंग दाबून धरायची, तिच्या डोक्यावर लोखंडी चकती बसवायची, आणि मागं स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घालायचे. सांगायला एवढंच. पण दाबलेली स्प्रिंग म्हणजे हातपाय बांधून ठेवलेला माणूस. सुटली की समोर कोण आहे ते बघत नाही. वडिलांचे पुढचे चार दात अशाच एका स्प्रिंगनं नेले होते. रघू त्या वेळी लहान होता. त्यानं ते दात रक्तातून वेचून पाण्यानं धुतले आणि वडिलांच्या हातात ठेवले, पुन्हा बसवता येतील म्हणून. अजूनही स्प्रिंग दाबताना तो तोंड घट्ट मिटून घेतो.

स्प्रिंग बसल्या. गाडी उंच झाली. संताजीराव तिच्याभोवती फिरून आले आणि खूश झाले.

मी झाले नाही. दोन चाकांच्या जोराची गाडी अशी उचलली की पुढची चाकं बिघडतात. त्यांची डोकी बाहेर पडतात, पाय आत जातात, टायर एका कडेनं झिजतात आणि गाडी आपल्या मनाला येईल तिकडं ओढते. ते सरळ करायचं काम माझं आणि रघूचं. चाकाला वरून धरणारा एक लोखंडी आर्म असतो, तो चेसीला दोन बोल्टांनी बांधलेला. त्या बोल्टांवर पातळ पत्र्या घालायच्या. एक पत्री घातली की चाकाचं डोकं केसभर आत येतं. नट आवळायचे, गाडी हलवून बसवायची, मी माप सांगायचं, की पुन्हा सैल. असा अख्खा दिवस जातो. आणि शेवटचं माप जमलं की वडिलांचा लांब पाना घ्यायचा, हाताएवढा, आणि अंगाचा सगळा भार टाकून आवळायचं. नट टक् करतो. त्या आवाजाशिवाय आमच्याकडून गाडी सुटत नाही.

खंडेनवमीच्या सकाळी डावी बाजू टक् झाली. उजव्या बाजूला अजून एक पत्री हवी होती. ती रघूनं घातली, लहान पान्यानं नट धरण्यापुरते आवळले, आणि तेवढ्यात आई येऊन तो लहान पानासुद्धा घेऊन गेली.

"बाराला राहुकाळ लागतो," आई म्हणाली. "देवीला काय सांगू, पत्री राहिली होती म्हणून?"

आमच्या आईचं, सरस्वतीबाईंचं, वय शहात्तर. त्या दिवशी गॅरेजातलं सगळं लोखंड तिचं असतं. पाटावर मधे तलवार, भोवती पाने, पकडी, हातोडे, सगळं धुऊन पुसून, गंध-कुंकू लावून, फुलं घालून. लांब पाना तलवारीला लागून, कारण आईच्या हिशेबी दोघांचं घराणं एकच. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घरात येईपर्यंत हत्यार उचलायचं नाही. हा नियम आईच्या सासूच्या सासूपासूनचा, आणि तो मोडलेला मी पाहिला नव्हता.

पूजा झाल्यावर संताजीराव आले, बरोबर त्यांची बायको, कृष्णवेणीवहिनी. वहिनींच्या हातात हार, लिंबं, आणि ताटलीत कोहळा. गाडीपुढं ओवाळून संताजीरावांनी कोहळा दोन्ही हातांनी असा आपटला की आतलं कुंकवाचं पाणी बंपरवर, भिंतीवर, माझ्या साडीवर. जमिनीवर तो फुटलेल्या डोक्यासारखा पडला होता. दरवर्षी तसाच पडतो. त्या वर्षी मात्र मी बघत राहिले.

"किल्ली," ते म्हणाले.

"उजवीकडचे दोन नट राहिलेत, संताजीराव," रघू म्हणाला. "आजचा दिवस गाडी इथं राहू दे."

"खंडेनवमीला माझी गाडी दुसऱ्याच्या दारात? घरी रांगोळी घालून बसलेत सगळे."

रघूनं आईकडं बघितलं. "आई, एक पाना घेतो. दोन मिनिटं. देवीची क्षमा मागतो."

पाटापुढची आरतीची ताटली आईनं हातानं थोडी बाजूला सरकवली. आमच्या घरात हो म्हणायची ती पद्धत.

रघूनं हात लांब केला. बोटं पान्यावरच्या शेवंतीपर्यंत पोचली. आणि संताजीरावांनी मागून त्याचं मनगट धरलं.

"बेड, रघू, नको. पूजेतलं हत्यार उचलून माझ्या गाडीला लावू नकोस. उद्या अंबाजीची कुस्ती आहे, आज अपशकुन नको." हसतच म्हणाले, आणि तो हात ओढून मागं आणला. पैलवानाचं हसत ओढणंही ओढणंच. रघूच्या मनगटावर चार बोटं लाल उठली. "सहा मैल तर न्यायची. हळू नेतो, परवा आणून लावतो."

"मग दारातून हलवू नका. मिरवणूक दुसऱ्या गाडीनं," रघू म्हणाला. "आणि अंबाजीला सांगा, तो पहाटे उठून कुठंही निघतो."

"सांगतो की. मी काय लहान आहे?"

किल्ली माझ्या कमरेला होती. ती मी काढून दिली. कुणी हिसकावून घेतली नाही.

दशमीला सकाळी अंबाजीराव गाडी घेऊन सोसल्याला निघाला. बायकोचं माहेर तिथं. सासू-सासऱ्यांना कुस्ती बघायला आणायचं होतं. गाडी नवी उंच झालेली, रस्ता मोकळा. टी. नरसीपूरच्या रस्त्यावर एका गतिरोधकावर गाडी आदळली आणि उजवीकडचे नट गेले. पत्र्या रस्त्यावर गळाल्या. वरचा आर्म सुटला, चाक खाली दुमडलं, आणि गाडी रस्ता सोडून चिंचेवर गेली. इंजिन आत आलं. शेतातले लोक धावले. त्यांना वाटलं माणूस मेला. मग त्यानं हाका मारायला सुरुवात केली आणि त्यांना वाटलं मेला असता तर बरं. गॅस कटर येईपर्यंत दीड तास तो तसाच, उजवा पाय पत्र्यात. दवाखान्यात पाय मांडीतून काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यानं नर्सला पहिलं विचारलं, तीन वाजले का.

दवाखान्याच्या व्हरांड्यात संताजीराव भिंतीवर डोकं आपटत होते. एका लयीत, मोजल्यासारखं. भिंतीवर कपाळाएवढा लाल डाग झाला होता. रघू त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"चूक माझी," तो म्हणाला. "नट मी सैल ठेवले."

संताजीरावांनी डोकं आपटायचं थांबवलं आणि त्याच्या कानाखाली मारली. रघू बाकावर पडला. तिथं आई होती, मी होते, वहिनी होत्या. चौघींपैकी, म्हणजे बाकावरच्या एका अनोळखी आजारी म्हातारीला धरून चौघी, एकीनंही तोंड उघडलं नाही. म्हातारीला काही माहीत नव्हतं. आम्हा तिघींना होतं.

घरी येताना रिक्षात मी म्हटलं, "तू अर्धंच सांगितलंस."

"उरलेलं त्यांच्या छातीवर ठेवू, अक्का? त्यांना ते स्वतःला आठवतंय की नाही तेही मला ठाऊक नाही. आठवलं तर ते जगायचे नाहीत. माझ्यावर राहू दे. मला पेलतं."

रघूची छाती बत्तीस इंच आहे.

आणि खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं वाटलं. सगळं त्याच्यावर होतं तोवर किल्ली कुणी दिली हे कुणी विचारत नव्हतं.

सतरा दिवसांनी, सकाळी अकराला, एक क्रेन ती गाडी आमच्या दारात टाकून गेली. मागून संताजीराव आले, गरडीतले दोघे पैलवान आले, आणि कृष्णवेणीवहिनी. वहिनींच्या हातात जेवणाचा डबा होता, म्हणजे त्यांना पुढं दवाखान्यात सोडायचं होतं. पैलवानांनी गाडी आत ढकलली आणि शटर खाली ओढलं. बाहेरून कंपन्यांच्या बसा जात होत्या. आतलं काही बाहेर ऐकू जायचं कारण नव्हतं.

संताजीरावांनी कोपऱ्यातला जॅकचा दांडा उचलला. पहिला फटका रघूच्या मांडीवर. लोखंड मांसावर पडतं तेव्हा फार आवाज होत नाही. आवाज रघूच्या तोंडून झाला. दुसरा बरगडीवर. तिसऱ्याला तो गुडघ्यावर आला. मी मधे गेले. एका पैलवानानं मला खांद्यानं नुसतं बाजूला केलं आणि मी टायरांच्या चळतीवर जाऊन पडले. ओठ फुटला. "सॉरी, अक्का," तो म्हणाला. चांगल्या घरचा मुलगा.

"उठ," संताजीराव मला म्हणाले. "मापं घे. मला दाखव काय झालं ते. सांगितलेलं नको, डोळ्यांनी दाखव."

दुमडलेल्या चाकाला मशीन लागत नाही. मी दोरा आणि वळंबा काढला. पैलवानांनी जॅक लावून गाडीचं नाक उचललं. वळंबा थोडा वेळ झुलला आणि स्थिर झाला. डावं चाक आधी बघितलं, धीर यावा म्हणून. ते सरळ होतं. झाडावर आदळूनही केसभर हललं नव्हतं. मग उजवीकडं आले. आर्म लोंबत होता. चेसीचे दोन बोल्ट रिकामे होते.

संताजीराव वाकले. त्यांनी बोल्टावरून अंगठा फिरवला. आटे शाबूत होते, नव्यासारखे. मला वाटतं, ते तुटल्याची खूण शोधत होते. तुटलं असतं तर दोष लोखंडाला देता आला असता.

"तुटलं नाही," ते म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "सुटलं."

ते रघूकडं वळले. "कुठल्या हातानं आवळलेस?"

रघूनं तोंडातलं रक्त थुंकलं. "उजव्या."

"अंबाजीचा उजवा पाय गेला. तुझा उजवा हात ठेव."

पैलवानांनी दुमडलेलं चाक काढून टाकलं. ब्रेकचा जड डबा उघडा लोंबत राहिला. त्याच्या खाली त्यांनी सिमेंटचा ठोकळा सरकवला. रघू फरफटत तिथं गेला आणि त्यानं आपण होऊन पंजा ठोकळ्यावर ठेवला, पालथा, बोटं पसरून. त्याला कुणी धरलंही नाही.

"संताजी," आई म्हणाली. ती देवीच्या फळीखाली तिच्या खुर्चीत बसली होती, उठायचा प्रयत्न करत होती. "पाने मी गोळा केले. लहान पाना त्याच्या हातातून मी काढून घेतला. माझा हात घे, तसाही काही कामाचा नाही."

"तुम्ही देवाचं केलंत, आई. तुमचा काय दोष?"

"किल्ली मी दिली," मी म्हटलं. "माहीत असून दिली. रघूनं गाडी ठेवा म्हणून सांगितलं होतं आणि मी किल्ली काढून दिली."

"तू बाई आहेस. तुझा भाऊ मालक आहे."

"त्या दिवशी तुम्ही—" मी सुरुवात केली.

"अक्का," रघू म्हणाला. "सुम्ने."

आणि मी गप्प झाले. मी सत्तेचाळीस वर्षांची बाई, पुस्तक वाचून अंश आणि मिनिटं शिकलेली, माझ्या भावाचा हात लोखंडाखाली असताना गप्प झाले, कारण हात ज्याचा त्यानं सांगितलं. आम्ही सगळे त्या एका गोष्टीभोवती फिरत होतो, आणि प्रत्येकजण तिच्या कडेचा एकेक तुकडा उचलून आपल्या अंगावर घेत होता. मधलं तसंच होतं.

संताजीरावांनी जॅकचा दांडा दोन्ही हातांत धरला. दांडा पिळला की जॅक खाली येतो. थोडा पिळला तर हळूहळू, जास्त पिळला तर एकदम. किती पिळायचा हे हाताला कळायला वर्षं लागतात. त्यांचे हात माणसं पिळायला शिकलेले होते.

गाडी इंचभर खाली आली. थांबली. ते घामानं निथळत होते.

"मी त्याला बदाम पाजले," ते म्हणाले, कुणालाच नाही. "वीस वर्षं. पायात ताकद यावी म्हणून."

पुन्हा पिळला. डबा रघूच्या बोटांवर टेकला. रघूनं तोंड घट्ट मिटलं, स्प्रिंग दाबताना मिटतो तसं. डबा आणखी बसला. मधल्या बोटाचा आवाज मी ऐकला. वाळकी काटकी मोडावी तसा, फक्त ओला. आई देवीचं नाव घेत होती, तेही आता थांबलं. रघूचा पाय जमिनीवर एकदा, दोनदा आपटला. पण त्यानं हात काढला नाही, आणि तोंडही उघडलं नाही.

संताजीराव त्याच्या तोंडाकडं बघत होते. तो ओरडायची, काहीतरी म्हणायची वाट बघत होते, असं मला दिसलं. त्यांनी दांड्यावरची पकड बदलली.

वहिनींनी जेवणाचा डबा खाली ठेवला. कुणाच्या अंगावर सांडू नये अशा बेतानं, भिंतीशी, नीट. लग्नाला पंचवीस वर्षं झालेली ही बाई नवऱ्यापुढं मोठ्यानं बोललेली मी कधी ऐकली नव्हती, आणि आत्ताही ती मोठ्यानं बोलली नाही. पान वाढलंय म्हणून सांगावं तशी म्हणाली.

"अहो. हा हात त्या दिवशी पान्यावर पोचला होता. मनगट धरून मागं ओढलात तो तुम्ही. मी कोहळ्याची ताटली घेऊन तिथंच उभी होते."

दांड्यावरचे हात थांबले.

"आणि गाडी हलवायची नाही हे भावोजींना सांगतो म्हणालात," वहिनी म्हणाल्या, "ते तुम्ही सांगितलं नाहीत."